लाडक्या बहिणी पायी निघाल्या

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पायी चालायला बंदी नाही, फक्त कारण लागतं. नवरात्रात माहूरच्या रेणुकेला पायी जाणारे जथे निघतात. त्यांना कोणी काही विचारत नाही, उलट रस्त्याकडेला मंडप टाकून साबुदाण्याची उसळ खाऊ घालतात. कापसाच्या भावासाठी पदयात्रा निघाली तर रस्ता आपोआप मोकळा होतो. पहाटे डॉक्टरच्या धाकाने भराभर चालणारेही आता सगळ्यांच्या सवयीचे झालेत. पण तीन उतारवयाच्या बायका पाठीला पिशव्या अडकवून, घरचं गॅस सिलिंडर आणि नवरे मागे ठेवून, गावोगावचे जुने दगड बघायला चालत निघाल्या, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

ही कल्पना मॅडमची. मॅडम हायस्कूलला इतिहास शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी भाजीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळे त्यांना मॅडमच म्हणतात, कारण त्या सगळ्यांना त्यांनी कधी ना कधी बाकावर उभं केलेलं आहे. दुसऱ्या माझ्या नणंदबाई. त्यांना मी ताई म्हणते. त्यांचं आयुष्य बँकेच्या कॅश काउंटरमागे गेलं, त्यामुळे त्यांचा मोजल्याशिवाय कशावर विश्वास बसत नाही. तिसरी मी. मला दोघींपैकी कोणालाही नाही म्हणता येत नाही.

मॅडमचं म्हणणं असं की आपण गाडी करून वेरूळ-अजिंठ्याला जातो, खांबाला टेकून फोटो काढतो, आणि आपल्या शेजारच्या तालुक्यात तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली तर ती बातमी वाचून त्याच कागदावर शेंगा सोलतो. म्हणून मार्ग ठरला तो असा: लोहाऱ्याचा कमलेश्वर, तिथून कळंबचा चिंतामणी, तिथून आडवाटेने बाभूळगाव तालुक्यातलं पाचखेड, आणि बाभूळगावहून एसटीने घरी.

“जायचं तर जा, पण गाडीने जा ना. पेट्रोल मी टाकतो,” नवरा म्हणाला. त्याच्या बाजूने हा मोठाच त्याग होता.

“अन् वाघ?” सासूबाईंनी विचारलं.

प्रश्न वावगा नव्हता. टिपेश्वरचं जंगल आमच्याच जिल्ह्यातलं. ते पांढरकवड्याकडे, आमच्या वाटेपासून दूर, पण वाघाला तालुक्याच्या हद्दी कोण शिकवणार? खरं तर आमच्या जिल्ह्याचा सगळ्यात मोठा पदयात्री वाघच आहे. 2019 साली टिपेश्वरच्या एका तरुण वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली. त्या पावसाळ्याच्या तोंडाशी तो जो निघाला तो महाराष्ट्र-तेलंगणातले नाले, वावरं, महामार्ग ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन पोचला. त्याची सगळी पायपीट मोजली तर तीन हजार किलोमीटरच्या आसपास भरली. त्याचं नाव पडलं ‘वॉकर’, आणि बातमी परदेशापर्यंत गेली. मग लगेच, तो एवढा कशासाठी फिरतोय, याची चर्चा. जागा शोधतोय, जोडीदारीण शोधतोय, असं तज्ज्ञांनी सांगितलं तेव्हा कुठे लोकांचं समाधान झालं. म्हणजे वाघ असलात तरी यवतमाळ जिल्ह्यातून पायी निघायचं तर कारण द्यावं लागतं.

लोहारा आता यवतमाळला चिकटलेलं आहे. मधली हद्द फक्त ऑटोवाल्यांना माहीत. पण अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची यादी आहे, तिच्यात आमच्या परगण्याची नोंद ‘योत लोहारा’ अशी जोडनावाने आहे. योत म्हणजे यवतमाळ. मॅडमनी ही गोष्ट लोहाऱ्यात एका पानठेल्यावर सांगितली, आणि ठेलेवाला तत्काळ म्हणाला, “मंग जिल्हा लोहाऱ्याचाच म्हना ना.” तिथून पुढे त्याने आमच्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत.

कमलेश्वराचं देऊळ हेमाडपंती. काळा दगड, दगडात दगड बसवलेला, मध्ये चुना नाही. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री, देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, तेरावं शतक. मॅडमना हा शब्द ऐकला की त्रास होतो. त्यांचं म्हणणं, या धाटणीची कितीतरी देवळं हेमाद्रीच्या जन्माआधीची आहेत, बांधणारे कारागीर वेगळे, दान देणारे वेगळे, आणि नाव मात्र एकट्या मंत्र्याचं.

“बँकेतही तसंच असतं,” ताई म्हणाल्या. “काम कोणाचं, सही कोणाची.”

तिथे सावलीला एक आजोबा बसले होते. त्यांनी दोघींनाही मोडीत काढलं. “हेमाडपंत नाई अन् गिमाडपंत नाई. पांडवायनं बांधलं. एका रातीत.”

मॅडमनी तोंड उघडलं, पण त्याआधी ताईंनी विचारलं, “रात्र कोणत्या महिन्यातली?”

आजोबा विचारात पडले. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. मग म्हणाले, “पुसातली असन. ते मोठी रायते.” हिशेब जुळला. ताईंनी वहीत लिहून घेतलं.

लोहाऱ्याहून कळंबला जायचं तर यवतमाळ गाव पार करावं लागतं, आणि आमची गल्ली वाटेतच आहे. त्यामुळे मोठ्या समारंभाने निरोप घेऊन निघालेल्या आम्ही दोन-तीन तासांत आमच्याच फाटकासमोरून पिशव्या लटकावून चाललो होतो. सासूबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. “झालं का फिरून?” त्यांनी विचारलं. आम्ही मान खाली घालून पुढे गेलो. जगातल्या कोणत्याही मोठ्या पदयात्रेत हा प्रसंग आला नसावा.

कळंबला जाणारा रस्ता म्हणजे आता नागपूर-तुळजापूरचा चौपदरी महामार्ग. त्याच्या कडेने चालायचं तर प्रत्येक ट्रक हॉर्न वाजवून विचारपूस करतो. म्हणून आम्ही जमेल तिथे पांदणीने गेलो. दोन्ही बाजूंना पराटी फुटलेली, तूर पिवळ्या फुलांवर, आणि वाटेत जागोजाग रेल्वेच्या गप्पा. या विषयात आमचा जिल्हा मोठा भाविक. यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेजवरची शकुंतला, जी इंग्रजांच्या काळात कापूस वाहायला एका खाजगी कंपनीने सुरू केली होती, ती थकत थकत बंद पडली. नव्या वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेजची लांबी 284 किलोमीटर. तिच्यावरून 2024 च्या फेब्रुवारीत वर्ध्याची गाडी कळंबपर्यंत आली, आणि आम्ही निघालो तेव्हा तिथेच थांबून होती. एक गेली, एक यायची आहे, आणि मधला तुकडा आम्ही पायाने भरून काढत होतो.

दुपारी एका गावात शिरलो. तीन अनोळखी बायका, पाठीवर बॅगा, एकीच्या हातात वही-पेन. पहिल्या घरातली बाई आम्हाला बघून आत पळाली. मॅडम हळहळल्या, “बिचारी घाबरली.” बिचारी आधार कार्ड घेऊन बाहेर आली.

“केवायसी ना माय? माह्या ओटीपीच येत नाई.”

लाडक्या बहिणीच्या दीड हजारांचा प्रश्न होता. योजना सुरू झाली 2024 च्या जुलैत, पुढच्या वर्षी ई-केवायसी आली, आणि तेव्हापासून खेड्यात कोणी वही-पेन घेऊन शिरलं की ते सरकारच असतं. मॅडमनी समजावून सांगायचा प्रयत्न केला की आम्ही सरकार नाही, आम्ही जुनं देऊळ बघायला आलो. तोवर ओसरीवर बायकांची रांग लागली होती.

“देऊळ काय पयून जाते?” एक म्हणाली. “साइट बंद होते ना!”

याला उत्तर नव्हतं. आठशे वर्षं उभं असलेलं देऊळ संध्याकाळपर्यंत नक्कीच टिकलं असतं. साइटचा भरवसा नव्हता. ताईंनी बॅग उतरवली, चष्मा लावला, आणि त्या ओसरीवर त्यांचं कॅश काउंटर पुन्हा उघडलं. “एकेक जण या. गर्दी करू नका. पासबुक, आधार, मोबाइल.” इतक्या खुशीत मी त्यांना माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. एका तरण्या बाईचं मात्र घोडं अडलं. केवायसीला नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार मागत होते. तिचा नवराही गेलेला आणि बापही. “आता ओटीपी कोनाच्या मोबाइलवर बलावू?” तिने विचारलं. ताईंनी तिचं नाव आणि नंबर वहीत वेगळ्या पानावर लिहून घेतला, आणि यवतमाळला परतल्यावर त्या कामासाठी एका कचेरीत जितक्या खेपा घातल्या, तितकं चालणं आमच्या अख्ख्या वारीत झालं नसेल.

त्या गावाने आम्हाला पुढे पाठवताना आमचं नाव पक्कं केलं होतं. पुढच्या गावात पोचायच्या आधीच फोन गेलेला, “लाडक्या बहिनी पैदल येऊन रायल्या.”

आणि अंतरं. कोणालाही विचारा, पुढचं गाव “हे काय, दोन किलोमीटर.” तासाभराने विचारा, पुन्हा दोन किलोमीटर. ताई यावर फार चिडल्या, मग त्यांनी शास्त्रशुद्ध तपास केला आणि निष्कर्ष काढला. मोटरसायकलवाल्याला अंतर कळत नाही, त्याला फक्त पेट्रोल कळतं. ट्रॅक्टरवाल्याला खड्डे कळतात. अंतर कळतं ते एकट्या गुराख्याला, ज्याला आमच्याकडे गायकी म्हणतात. तो कधी किलोमीटर सांगत नाही. तो म्हणतो, “नाल्यावर जा, तिथून मोहाचं झाड दिसन, त्याच्या उजव्या आंगानं धुऱ्याधुऱ्यानं गेलं का देवळाचा कळस दिसते.” आणि कळस दिसतो.

मॅडमना हे ऐकून भरून आलं. कारण मराठीत पायी फिरणाऱ्यांसाठीचं पुस्तक याच पद्धतीने सहा-सातशे वर्षांपूर्वी लिहिलं गेलं आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’. चक्रधरस्वामी तेराव्या शतकात महाराष्ट्रभर पायी फिरले. ते जिथे बसले, निजले, जेवले, त्या जागा अनुयायांनी पुढच्या शतकात नोंदवून ठेवल्या: देऊळ कुणीकडे तोंड करून, दार कुठल्या बाजूला, त्याच्या कोणत्या अंगाला काय. किलोमीटर एकही नाही. त्या पोथीचा आधार घेत आजही जागा शोधल्या जातात, आणि आमच्या हातातला मोबाइल मात्र आम्हाला दोनदा त्याच गोठ्यात घेऊन गेला. दुसऱ्या खेपेला गोठ्याच्या मालकिणीने चहाच टाकला.

कापूस वेचणाऱ्या बायका धुऱ्यावर जेवायला बसल्या होत्या. त्यांनी हाक मारली. भाकर, चून, मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा. आम्ही आमचे ठेपले काढले. ते त्यांनी कौतुकाने चाखून बाजूला ठेवले. मग चौकशी.

“कुठी चाल्ल्या व माय?”

“कळंबला. पायी.”

“काऊन? भांडून गिंडून आल्या का?”

“नाही हो. सहज.”

सहज या शब्दावर सगळ्यांचे हात थांबले. एकीने अंदाज केला, नवस असेल. दुसरी म्हणाली, शुगर असेल. तिसरी वयाने मोठी, तिने आमच्या बुटांकडे पाहिलं आणि विषय संपवला, “आमी दिसभर पराटीतून चालतोच ना. वर वीस किलोचं ओझं कमरेले. आमाले कोनी पेपरात नाई छापत.” आम्ही पेपरात येणार नव्हतो, पण मी पुढे हा लेख लिहिणार होते, म्हणून गप्प बसले.

मुक्कामाची चिंता करायची नसते, हे आम्हाला पहिल्याच संध्याकाळी कळलं. गावात शिरायचं, पाराजवळ टेकायचं. कोणीतरी विचारतंच, “माहेर कोनतं?” मी सांगितलं दारव्हा. “दारव्ह्यात कोनाच्या?” मी आडनाव सांगितलं. तिसऱ्या प्रश्नाला त्या बाईच्या जावेची मावशी माझ्या चुलत वहिनीची विहीण निघाली. चौथा प्रश्न नव्हताच, आमच्या पिशव्या तिने उचलल्या होत्या. ही सोय कोणत्याही हॉटेलच्या ॲपवर नाही. तिथे मागचे अभिप्राय वाचून खोली मिळते, इथे तुमच्या आजोबांनी हुंड्यावरून रुसवा धरला होता की नाही यावर गादी मिळते. आम्हाला मिळाली. गरम पाणी मिळालं, पायांना तेल मिळालं, वांग्याची भाजी आणि रोडगे मिळाले, आणि ‘एवढुसंच खाता का’ म्हणून रागावणंही मिळालं.

झोप मात्र मिळाली नाही. दिवाळी नुकतीच झालेली, कार्तिक चाललेला. पहाटे चारला देवळात काकडा सुरू झाला, भोंग्यावर, आणि भोंगा आमच्या खिडकीकडे तोंड करून. देवाला उठवायला एवढा आवाज लागतो याचा अर्थ देवालाही रात्री उशिरापर्यंत कोणी तरी जागवत असणार. मॅडम उठून सरळ देवळात गेल्या आणि टाळ मागून घेतले. ताईंनी कानात कापूस घातला. कापूस मुबलक होता.

आता देवळांबद्दल बोललंच पाहिजे. गावांची नावं सांगत नाही, कारण ज्यांनी केलं त्यांनी प्रेमाने केलंय.

एका गावात महादेवाचं जुनं देऊळ. बाहेरून काळा दगड, देखणा, उन्हात चमकणारा. आत गेलो आणि मी दचकले. गाभाऱ्याला खांद्याच्या उंचीपर्यंत फिक्या निळ्या टाइल्स, मध्ये एक पट्टी डॉल्फिनची. त्या टाइल्स मी ओळखल्या. त्याच माझ्या न्हाणीघरात आहेत. नंदी पांढऱ्या ऑइल पेंटने रंगवलेला, शिंगं सोनेरी, डोळ्यांना निळी बुबुळं आणि वर लांब काळ्या पापण्या. इतका सावध नंदी मी पाहिला नव्हता. मॅडम खांबाला धरून उभ्या राहिल्या. खांबावर कोरीव कीचक होते, त्यांना लाल पेंट आणि पिवळे दात होते.

पुजारी मागे उभा, चेहऱ्यावर अभिमान. “आता कसं, पुसायले सोपं झालं. आंधी दगडाच्या खाचीत तेल जाये, मुंग्या लागत.”

मॅडमनी त्याला दगडाचा श्वास, रंगाने अडणारी ओल, आतून सुटणारे पापुद्रे, असं सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “तुमी येऊन पुसान का रोज?”

मॅडम त्याच्यावर रागावू शकल्या नाहीत. कारण त्या आधीच्या गावात आम्ही दुसरं देऊळ पाहिलं होतं, याहून जुनं आणि याहून सुंदर. त्याला कोणी टाइल्स लावल्या नव्हत्या, पेंट लावला नव्हता, कारण तिथे कोणी जातच नव्हतं. सभामंडपात सोयाबीनचं कुटार भरलेलं होतं, पार छताला टेकेपर्यंत. छताचं कमळ पाहायचं तर कुटारावर चढून झोपावं लागलं. आम्ही झोपलो. कमळ अप्रतिम होतं, पाकळीला पाकळी. नंतर दोन दिवस अंग खाजत होतं. शिखरात पिंपळ रुजला होता, आणि पिंपळ कोणी तोडत नाही, देवाचं झाड. म्हणजे जुन्या देवळापुढे आमच्याकडे दोनच रस्ते: देव जागा असेल तर टाइल्स, नसेल तर कुटार. माझं मत विचाराल तर मी टाइल्सच्या बाजूने आहे. टाइल्स उद्या कोणी शहाणा उखडून काढू शकेल. कोसळलेलं छत कोण उचलून लावणार? मॅडमना हे पटलेलं नाही. कुटार दगडाला काही करत नाही, डॉल्फिन करतो, असं त्यांचं म्हणणं. हा वाद कळंबपर्यंत चालला, आणि त्यामुळे रस्ता कसा सरला ते कळलं नाही.

कळंबचा चिंतामणी जमिनीच्या खाली आहे. रस्त्याच्या पातळीवरून पायऱ्या उतरत जायचं, तेव्हा गणपती भेटतो. समोर कुंड. गौतमाच्या शापातून सुटायला इंद्राने इथे गणपतीची स्थापना केली, गंगा बोलावली, आणि ती बारा वर्षांनी एकदा वर येऊन देवाच्या पायांना लागते, अशी श्रद्धा. खरंच कधी कधी कुंडाचं पाणी चढतं, मूर्तीपर्यंत येतं, आणि ओसरतं. ते चढलं की जिल्हाभरातून माणसं लोटतात.

ताई कुंडाकडे बराच वेळ बघत राहिल्या. “बारा वर्षांनी का होईना, येतं तर,” त्या म्हणाल्या. आम्ही यवतमाळकर. 2018 च्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत नळाला पंधरवडा-पंधरवडा पाणी नव्हतं. चिंतामणीचं वेळापत्रक निदान पुराणात लिहिलेलं आहे.

कळंब आज तालुक्याचं साधं गाव दिसतं: बसस्थानक, मोबाइलची दुकानं, आलूबोंडा. पण अकबराच्या काळात हे एका सरकारचं ठाणं होतं, आणि तेव्हाचं सरकार म्हणजे जवळजवळ आजचा जिल्हा. ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाडच्या प्रकरणात अबुल फजलने कळंबबद्दल दोन गोष्टी लिहिल्या आहेत: शहर जुनं आणि मोठं आहे, आणि इथल्या म्हशी नावाजलेल्या आहेत. मॅडमनी हे आलूबोंडा खाताना सांगितलं. मी म्हटलं, “अकबराच्या दरबारात बसून त्याला म्हशीच दिसल्या?” मॅडम म्हणाल्या, त्यात हसण्यासारखं काही नाही, महसूल बघणाऱ्या माणसाला म्हैसच आधी दिसते. शेजारच्या बाकावरचा दूधवाला ऐकत होता. त्याने पूर्ण गांभीर्याने विचारलं, “भाव काय लिवला हाय?”

कळंब ते पाचखेड हा आमच्या वाटचालीचा सगळ्यात ओबडधोबड तुकडा. आडवाटा, नाले, कुंपणाच्या तारा, आणि रानडुकरांसाठी धुऱ्यावर बांधलेल्या जुन्या साड्या. एका वावरात मला माझ्या बहिणीने दिलेली आणि मी भांडेवालीला दिलेली साडी फडकताना दिसली. निदान तसं वाटलं. पाचखेडला आम्ही दुपार कलताना पोचलो.

नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने 2023-24 मध्ये इथलं टेकाड उकरलं. वर निजामकाळ, त्याखाली मध्ययुग, त्याखाली सातवाहन, आणि तळाशी लोहयुग, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं. साडेआठ मीटरहून जाड थर, सगळा माणसांच्या राहण्याने साचलेला. लोखंडाच्या वस्तू, मातीची भांडी, मणी, घराच्या भोवती लाकडी खांब रोवल्याच्या खुणा, आणि चूल सापडली. तारखा पक्क्या करायला नमुने दिल्लीच्या प्रयोगशाळेत गेले. निजामाच्या काळात याच टेकाडावरून टेहळणी चालायची. अशा जागेला गावात पांढर म्हणतात. घरांच्या भिंती पडायच्या, त्यांच्यावर राख, शेण, खापरं साचायची, त्यावर पुन्हा घर बांधायचं. शतकानुशतकं असं झालं की माती पांढुरकी होऊन उंच उठते. शेत काळी, वस्ती पांढरी, हा हिशेब आमच्या प्रत्येक गावाला ठाऊक असतो, फक्त पांढरीच्या खाली कोण राहत होतं ते कोणी विचारत नाही. ती माती भिंतीला चांगली, वावरात टाकायलाही चांगली, त्यामुळे ठिकठिकाणच्या पांढरी गाडीगाडीने कमी होत गेल्या.

आणि आम्ही काय पाहिलं? टेकाड. त्यावर झुडपं, झुडपांत बकऱ्या, बकऱ्यांमागे एक पोरगा. उत्खनन झालं की खड्डे पुन्हा बुजवतात, उघडे ठेवले तर दोन पावसाळ्यांत सगळं वाहून जातं. मॅडमना हे माहीत होतं. त्यांनी आम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं.

“इथं खोदलं,” पोरगा म्हणाला. “मंग बुजवलं.”

“काय निघालं?” ताईंनी विचारलं.

“गाडगे.” मग आवाज खाली आणून, “लोक म्हन्ते सोनं होतं. पर मी रोज पाहत होतो, गाडगेच होते. ब्रशनं पुसत. माह्या मायनं पायलं अन् म्हने, घरचे भांडे कोनी एवढे पुसत नाई.”

मॅडमनी त्याला बसवून घेतलं आणि चुलीची गोष्ट सांगितली. इथेच, या बकऱ्यांच्या खाली, एक गोल घर, त्यात चूल, तीन हजार वर्षांपूर्वीची. पोराने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “अन् ते लोक गेले कुठी?” मॅडमनी बदललेले पाऊस, राजवटी, व्यापाराचे रस्ते, असं बरंच सांगितलं. पोरगा म्हणाला, “पुन्याले गेले असन. आमच्या गावचे सारे तिकडंच जाते.” बत्तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या मॅडमना यावर बोलायला काही सुचलं नाही. ताईंनी ते वहीत लिहून घेतलं, पुसाच्या रात्रीच्या खालच्या ओळीत.

बाभूळगावला एसटी तयारच उभी होती. 2023 पासून बायकांना तिकीट अर्धं. आम्ही रडतखडत, वाद घालत, कुटारात लोळत पार केलेला जिल्ह्याचा तुकडा गाडीने तासाभरात उलटा गुंडाळला. कंडक्टरने आमच्या बुटांवरची माती पाहून विचारलंच, “शेताचा काही वाद हाय का?” ताई म्हणाल्या, “हो, मोजणी होती.” तो समाधानाने पुढे गेला.

तुम्हाला जायचं असेल तर कार्तिक ते माघ एवढ्याच दिवसांत जा. पावसाळ्यात आमची काळी माती धरलेली चप्पल सोडत नाही आणि उन्हाळ्यात पारा 45 च्या आसपास असतो. माहेरच्या आणि सासरच्या नातेवाइकांची तीन पिढ्यांची यादी पाठ करून ठेवा, मुक्कामाला कामी येते. जुन्या देवळात कोणी पेंटचा डबा घेऊन उभा दिसला तर भांडू नका, पुसायला फडकं मागा. पाचखेडला गेलात तर माती, खापर काही उचलू नका. आणि गावात शिरताना वही-पेन पिशवीत ठेवा. हातात दिसलंच, तर मोबाइल पूर्ण चार्ज असू द्या.